न येणारं पाणी

पावसाळ्यात तलावाले सगळेच भितात. मी भिते चैत्रातल्या तलावाले. भरला असला की तो आपलं तोंड दाखवते, लाटा आपटते, माणूस आपसूक दूर राहते. चैत्रात मात्र पाणी मागं सरकते अन् मागं राहिलेली जमीन अशी सपाट, वाळलेली दिसते की वाटते, इथी खाट टाकून झोपावं. आमचा तलाव रामटेकच्या अलीकडं आहे. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. माझा जन्म काठावरचा, लग्न काठावरचं. मरणही काठावरच यावं, आत येऊ नये, एवढंच देवाजवळ मागणं आहे.

पण सांगायचं आहे ते माझ्या नातसुनेचं, उन्नतीचं.

माझा नातू दुर्गेश मालवणकडे बोटीवर कामाले गेला होता. चार पैसे घेऊन येतो म्हणाला, बायको घेऊन आला. दारात उभी राहिली तेव्हा पोरीच्या एका हातात नारळाची पिशवी अन् दुसऱ्या हातात आमच्या पोट्ट्याचा हात. माझी सून प्रेमिला, म्हणजे दुर्गेशची माय, ओवाळाले आली खरी, पण तोंड असं की कुंकवाच्या जागी तिखट आणलं की काय. मी म्हटलं, “ओवाळ वं, पोरगी समुद्राची हाय, खारट निघाली तर मीठ वाचेन.” पोरगी हसली. तेव्हाच मले आवडली.

संध्याकाळी तिले तलाव दाखवाले नेलं. काठावर बसली, पाय पाण्यात सोडले अन् बराच वेळ पाहत राहिली.

“आजी, हे पाणी कधी जातं?”

“कुठी जाईन वं? त्याले काय माहेर हाय?”

“म्हणजे दिवसभर असंच राहतं?”

“दिवसभर नाई, जन्मभर.”

तिनं पाय वर घेतले. म्हणाली, “मेल्यासारखं वाटतं.” मले राग आला होता, पण मंग तिनं सांगितलं तेव्हा समजलं. तिच्या गावी खाडी आहे. पाणी दिवसातून दोनदा जाते अन् दोनदा येते. जाते त्याले ते लोक सुकती म्हणतात. सुकती लागली की बाया टोपल्या घेऊन उघड्या चिखलात उतरतात, बोटांनी उकरून तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. हात चिखलात अन् डोळा पाण्यावर. पाणी वळलं की सगळ्या वर. तिच्या मावशीले एकदा उशीर झाला, पाय रुतले अन् भरती लागली. बायांनी ओढून काढली तेव्हा पाणी हनुवटीले लागलं होतं. हे सांगताना उन्नती आपल्याच हनुवटीले हात लावून बसली होती.

हळूहळू रुळली. रोहूचे काटे काढाले शिकली. घरी मात्र दोन भांडी शिजत. प्रेमिलाचा रस्सा लालभडक, हिचा नारळ-कोकम घातलेला. प्रेमिला म्हणे, “हे कालवण आहे का आजाऱ्याचं दूध?” उन्नती म्हणे, “तुमचं खाल्लं की आजारी पडतो माणूस, मग माझं लागतं.” दुर्गेश दोन्हीकडचं खाऊन फुगत चालला होता. सक्करदऱ्याच्या बाजारात ती माझ्यासोबत मासोळी विकाले बसे. एक गिऱ्हाईक नाक मुरडून म्हणालं, “समुद्राची सुरमई नाई का बाई?” तर ही म्हणते, “सुरमई बर्फात झोपून येते दादा, ही रोहू सकाळी स्वतः उठून आलीय.” तो माणूस हसत हसत दोन रोहू घेऊन गेला.

रामनवमी झाली अन् तलाव मागं सरकाले लागला. दर दिवशी थोडा थोडा. नाल्याचं तोंड जिथं तलावात उतरते तिथं वर्षानुवर्षाचा गाळ साचला आहे. पाणी हटलं की तिथं काळा पट्टा उघडा पडते. वरून पापड, खालून आंबील. आमची लेकरंही चालायले लागली की पहिले हेच शिकतात, तिकडं जायचं नाही. माझा दीर बाबाराव, त्याची म्हैस तिथं गेली होती. शिंगं दिसेनाशी होईपर्यंत आम्ही सगळे काठावर उभे होतो. पुढं कित्येक दिवस मले घास गिळवत नव्हता.

त्या दिवशी सकाळी दुर्गेश अन् बाबाराव तलावाच्या दुसऱ्या काठाकडे जाळं ओढाले गेले होते. मी जांभळीखाली फाटकं जाळं विणत बसली होती. उन्नती टोपली घेऊन आली. तिले माहेरची याद येऊन राहिली होती. उघड्या जमिनीवर शिंपले चमकले तशी तिचं तोंड उजळलं. आमच्याकडे कोणी ते खात नाही, बदकांना टाकतात.

“आजी, शिंपल्या! टोपलीभर आणते. आज तुम्हाला खायला घालते.”

“इकडचे इकडचे वेच. तो काळा पट्टा दिसून राहिला ना, त्याच्या आत पाय नको टाकू.”

“पाणी वळलं की लगेच परत येते.”

“पाण्याचं नाई वं सांगून राहिली! खालचा गाळ...”

पण ती कमरेले ओढणी खोचून निघाली होती अन् वारा माझ्या तोंडावर होता, हाक मागंच उडून जाई. मी उठली, काठी घेतली, हाका मारत मागं निघाली. ती वेचत वेचत पुढं चालली. दर थोड्या पावलांनी मान वर करे अन् पाण्याकडे पाहे. पाणी जागच्या जागी आहे ना पाहे, मंग पुढं जाई. एकदाही पायाखाली पाहिलं नाही. सगळी काळजी घेऊन राहिली होती बिचारी, फक्त जागा चुकली होती.

पापड फुटला त्याचा आवाजही झाला नाही. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा टेकवून काढाले गेली तर तोही गेला. टोपली उलटली. अन् त्या पोरीनं तेव्हाही खाली पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. मंग किंचाळली.

“आजी! पाणी!”

मी बोंब ठोकली. प्रेमिला पिठाच्या हातानं बाहेर आली. दुर्गेशले फोन लावला तर लागेच ना. पाण्यात उतरताना तो फोन सदऱ्यात गुंडाळून काठावर ठेवते. प्रेमिला तशीच पाळीच्या बांधावरून त्याले बोलवाले धावत सुटली. एवढी जाडजूड बाई, पण त्या दिवशी पोरीसारखी धावली.

मी कडक जमीन संपते तिथं गेली अन् बसली. पुढं गेली असती तर एकीच्या दोन झाल्या असत्या. काठी पुढं केली, पोचली नाही. उन्नती मांड्यांपर्यंत गेली होती. हातांनी गाळ मागं लोटे, एक पाय उपसे, दुसरा खाली जाई. ऊन तापलं होतं अन् वारा पाण्यावरून आमच्याकडे येत होता. त्या वाऱ्यानं बारीक बारीक लाटा तिच्याकडे सरकत.

“हलू नको वं! पाठीवर पड, शांत रायजो!”

“भरती लागली, आजी! माका काढा! माका काढा!”

“इथी भरती नाई लागत बाई. वारा हाय तो.”

“येतंय... बघा, येतंय!”

ती माझं ऐकत नव्हती अन् तिची चूकही नव्हती. तिच्या गावी चिखलात रुतलेला माणूस थांबला की मेला. पाणी येण्याआधी निघालंच पाहिजे. आमच्या तलावात जो धडपडते तोच जाते. जो पडून राहते त्याले गाळ धरून ठेवते, गिळत नाही. तिचं शहाणपण तिले खाली नेऊन राहिलं होतं अन् माझ्या तोंडचा एक शब्द तिले खरा वाटत नव्हता. गाळ कमरेले आला. म्हशीची शिंगं डोळ्यांपुढून जाईनात.

पाण्याच्या कडेले एक बगळा उभा होता. पाय पाण्यात, मान आखडलेली, मासोळीवर डोळा.

“उन्नती! तुमच्याकडे भरती लागली की बगळे काय करतात वं?”

ती रडत होती. मी पुन्हा ओरडली. “सांग ना! बगळे काय करतात?”

“मागे... मागे सरतात.”

“पाणी येण्याच्या आधी का नंतर?”

“आधी.”

“मंग तो बगळा पाह्य. सरकून राहिला का?”

तिनं पाहिलं. पहिल्यांदा तिचे हात थांबले.

“नाही.”

“त्याच्यावरून नजर हटवू नको. तो हलला नाई तोवर तू हलू नको. आता मागं टेक, पाण्यात उताणी पडते तशी. हात पसर.”

तिनं हळूच पाठ टाकली. गाळ फुसफुसला, पण तिले घेऊन गेला नाही. डोळे बगळ्यावर. मी बोलत राहिली, जे सुचलं ते. बगळा कसा लबाड, सासूसारखा एका पायावर दिवस काढते, प्रेमिलाही अशीच उभी राहते चुलीपाशी. ती हसली नाही, पण ऐकत होती. तोंडानं मी हे बोलून राहिली होती अन् मनात त्या पाखराले हात जोडून राहिली होती. सारी उमर मासोळ्या पळवते म्हणून त्याले दगड मारले. आता म्हणत होती, बाप्पा, माशी चावली तरी हलू नको, तुले वाटेन तेवढ्या मासोळ्या खा.

ओठ वाळले तिचे. डोळे मिटाले लागले. मी तिच्या नावानं हाक मारे, ती “हूं” म्हणे. मधेच एक हूं आलाच नाही. दुसऱ्या हाकेले आला.

मंग पाण्यावरून थर्माकोलचा तराफा येताना दिसला. बाबाराव वल्हवत होता, दुर्गेश हातांनी पाणी कापत होता अन् तिच्या नावानं ओरडत होता. त्याच्या ओरडण्यानं बगळा उडाला.

उन्नतीनं तो उडताना पाहिला. असा आवाज काढला तिनं की अजून कानात आहे. उठून बसाले गेली, दोन्ही हात गाळात रोवले अन् छातीपर्यंत खाली गेली. मी ओरडत होती, पाठीवर पड, पाठीवर पड.

दुर्गेश तराफ्यावरून उडी मारणार, तोच बाबारावनं त्याची मान धरून त्याले तराफ्यावर आपटला. “उतरला तर तुले काढाले कोण येईन बे? पोटावर झोप!” दोघं पोटावर झोपून तराफा गाळावर ढकलत आले. दुर्गेशनं तिले काखेतून धरलं. बाबाराव डब्यानं पाणी ओतत ओतत तिच्या पायांभोवतीचा गाळ हातानं सैल करत राहिला. जोरानं ओढलं तर गाळ पाय सोडत नाही, उलट घट्ट धरते. सावकाशच काढा लागते. ते सावकाश पाहणं म्हणजे काय असते, ते मलेच माहीत. एक पाय आला. मंग कमर वळली. मंग सगळीच्या सगळी तराफ्यावर आली, काळीठिक्कर, पुतळ्यासारखी.

काठावर आणली तशी प्रेमिलानं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं अन् पुसता पुसता बोलाले लागली. “शिंपल्या खायच्या होत्या राणीले! मले सांगता येत नव्हतं? मी विकत नसत्या आणल्या काय?” बोलत होती अन् रडत होती, पिठाचे हात तिच्या गालाले लागून गालही पांढरे झाले होते.

उन्नतीनं माझा हात धरला. “आजी, पाणी कुठपर्यंत आलं?”

“तिथंच हाय बेटा.”

“परत बघा.”

मी परत पाहिलं. दुपारभर ती विचारत राहिली अन् दर खेपेले मी दारात जाऊन पाहून आली. न पाहता नुसतं सांगितलं तर तिले कळे.

पावसाळ्यात तलाव भरला तेव्हा आम्ही सगळे भीत होतो अन् ही मात्र मधोमध जाऊन पोहून आली. पाणी असलं की तिले भीती नाही. चैत्र लागला की घराच्या पायरीखाली उतरत नाही. बाजारात बसते, गिऱ्हाइकांशी तशीच भांडते, पण तलावाकडे पाठ करून मासोळी कापते.

यंदा तिले माहेरी पाठवलं, चैत्रातच. प्रेमिलानंच हट्ट धरला. तिथून एका सकाळी तिचा फोन आला. मागं बायांचा गलका ऐकू येत होता.

“आजी, सुकती लागलीय. सगळ्या खाली उतरल्या. मी वर उभी आहे.”

“काहून वं?”

“पाय उचलत नाही. आधी मला एकाच गोष्टीचं भय होतं, पाणी येईल याचं. आता खाली पण बघते अन् पाण्याकडे पण बघते. उतरू का?”

मी समुद्र पाहिला नाही. तिथला चिखल कसा असते, मले काय ठाऊक. नको म्हटलं असतं तर ती जन्मभर वरच उभी राहिली असती. जा म्हणायची हिंमत होत नव्हती.

“तुझी माय उतरली का?”

“उतरली. तिथं पुढे आहे.”

“तिची पावलं दिसून राहिली का चिखलात?”

“दिसतात.”

“मंग तिच्या पावलात पाऊल टाक. नवं पाऊल एकही टाकू नको.”

तिनं फोन बंद केला नाही. मी कानाले लावून पायरीवर बसली. वाऱ्याचा आवाज आला, मंग चिखलात पाय पडल्याचा. चप. मंग पुन्हा चप. मधेच थांबला. प्रेमिला आतून विचारत होती, “काय म्हणते वं पोरगी?” मी तिले हातानंच गप्प केलं अन् कान फोनले दाबला.