दत्तात्रेयशास्त्रींचा कुस्तीचा डबा

हिंदी मुलखातल्या दूधविनायकाच्या गल्लीत दत्तात्रेयशास्त्री ओळखले जायचे ते गळ्यावरून. त्यांनी गणपतीच्या देवळात अथर्वशीर्ष धरलं की घाटावरचे नावाडी भांडण थांबवून ऐकायचे. पण त्र्याण्णव साल आलं आणि त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात उरले दोघंच, ते आणि गणपती. पोरं सगळी चौकातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात! चतुर्थी तोंडावर आलेली. पाठाला गळे आणायचे कुठून?

शास्त्रींनी मग कमालच केली. भाच्याकडून गेमचा डबा आणून सभामंडपातल्या टीव्हीला जोडला. त्यात दोन पैलवान एकमेकांना रक्त येईस्तोवर बडवायचे. नियम एकच. आधी अथर्वशीर्षाचा एक खंड स्वच्छ म्हणायचा, मग एक डाव. स्वर चुकला की नंबर गेला!

पोरं परत आली. शास्त्री स्वतःही खेळायचे, तेही बटणं वेदपाठाच्या चालीवर घोकत, "खाली-पुढे, पुढे-खाली, खाली-पुढे, ठोसाऽऽ!"

"शास्त्रीजी, फिर हार गये!" पोरांतला ओजस किंचाळायचा.

"हरलो, पण स्वरात हरलो की नाही?"

देवळाच्या पंच मृणालिनीताई एका संध्याकाळी तरातरा आल्या. "देवापुढे मुडदे पाडताय?"

"ताई, महिषासुराला देवीनं काय समजावून सांगितलं होतं?"

"मला पुराण नको. पोरं डब्यासाठी येतात, पाठासाठी नाही. आजच डबा बाहेर!"

शास्त्रींना खोटं बोलता येईना. "डब्यासाठीच येतात," ते पुटपुटले. तेवढ्यात लाइट गेली.

"बत्ती गुल!" पोरं ओरडली.

"बघा आता," ताई म्हणाल्या, "एक तरी थांबतोय का!"

विश्वेश उठलाच होता. ओजसनं त्याची चड्डी ओढली. "बैठ ना यार! आत्ता खंड म्हणून ठेवू, लाइट आली की लागोपाठ खेळू."

आणि अंधारात पाठ सुरू झाला. मधुराचा बारीक गळा, ओजसचा फुटका, विश्वेशचा नाकातला. शास्त्री नुसतं बोट हलवत राहिले.

लाइट आली, डबा ट्यांव ट्यांव करू लागला.

"आवाज बंद कर रे," ओजस खेकसला, "माझा शेवटचा खंड राहिलाय!"

ताईंनी त्याचा खंड पुरा होऊ दिला. मग म्हणाल्या, "असू दे डबा. पण चतुर्थीला वर चादर टाका."

"टाकतो की," शास्त्री म्हणाले. "तुम्ही एक खंड म्हणा, पुढचा नंबर तुमचा."