उपासाला न चालणारा थेंब

आईच्या डोळ्यांची चौकशी करून झाली की लोक हमखास म्हणतात, "वय झालं, चालायचंच." ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. वयानं केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरतात. माझ्या आईची नजर वयानं गेलेली नाही. थोडी ती आमच्या चाळीच्या शहाणपणानं गेली, थोडी तिच्या हट्टानं आणि बाकीची माझ्या गाढवपणानं. हे सगळं मी लोकांना सांगत बसत नाही. "हो ना," म्हणते आणि विषय बदलते. पण इथं सांगणार आहे.

आई भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला प्रभादेवीला माझ्याकडे चल म्हणून विनवलं, धमकावलं, रडूनही दाखवलं. ती आली नाही. "माझे पाय चालतत, डोळे दिसतत, मग जावयाच्या घरात कित्याक रवू?" हे तिचं उत्तर. त्या उत्तरातले पाय अजून शाबूत आहेत.

सुरुवात झाली ती गॅलरीतल्या पिंपापासून. चाळीस वर्षं एकाच जागी असलेलं पाण्याचं पिंप, आणि आई त्याला डाव्या बाजूनं धडकायला लागली. मग जिन्याची शेवटची पायरी चुकली. मग शेजारच्या काकींच्या हातातली कढई तिचं कोपर लागून खाली आली. काकींनी तिथल्या तिथं निदान केलं, "मोतीबिंदू. पिकू दे, मग काढू या. कच्चा काढला तर त्रास देतो." सगळ्या मजल्यानं मान डोलावली. मोतीबिंदू म्हणजे जणू आढीत घातलेला हापूस. मी शिकलेली, विमा कंपनीत नोकरी करणारी बाई. मीही मान डोलावली आणि तो पिकायची दीड वर्ष वाट बघितली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा मोतीबिंदू निघाला, पण अगदी किरकोळ. खरा होता काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू मरते, नजर कडेकडेनं खाल्ली जाते आणि दुखत काहीच नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बाई स्पष्ट म्हणाल्या, "गेलेली नजर कुठल्याही औषधानं परत येणार नाही. उरलेली राखायची. रोज सकाळी एक थेंब, रात्री एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. आयुष्यभर. एक दिवसही चुकवायचा नाही."

"चुकवणार नाही," आई म्हणाली. आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.

आता मला माझे वार सांगायला हवेत. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे वार. बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मी आईकडे जायचे, रविवारी सकाळपासून. हे वार मीच ठरवले होते, आणि जिभेनं ठरवले होते. पेडव्यांचं झणझणीत तिखलं किंवा बोंबील, वर गरम भात. पेडव्यांना काटे फार. पन्नाशी ओलांडलेल्या मुलीच्या ताटात आई काटे काढलेले पेडवे वाढायची, बोटांनी चाचपून, डोळ्यांजवळ नेऊन. जेवण झालं की ती खिडकीत उजेडाला बसून माझ्यासमोर औषध घालायची. हात स्थिर, थेंब बरोबर डोळ्यात. मी खूश. एखाद्या बुधवारी संकष्टी किंवा एकादशी आली तर ती आदल्या दिवशीच फोन करायची, "उद्या येव नको, मासे नाय." मी जायची नाही. किती सोयीचं.

तपासणीलाही मी बुधवारीच न्यायची. दाब मोजला की आकडा बरा यायचा. पण ती दुसरी तपासणी, वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं, तिचा कागद दर वेळी जास्त काळा यायचा. पहिल्या वेळी आईनं तो प्रकार परीक्षा समजून धडाधड बटण दाबलं होतं, दिवा असो नसो. बाहेर येऊन मला विचारलं, "पास झालंय मा?" तेव्हा मी पोट धरून हसले होते. नंतरनंतर हसू आलं नाही. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडायच्या. "दाब तर आटोक्यात आहे, मग नजर का कमी होतेय? औषध रोज घालता ना आजी?"

"घालते," आई म्हणायची.

"घालते ती," मी म्हणायची. "मी बघते ना."

बाईंनी औषध बदललं. मग त्याच्या जोडीला दुसरं दिलं. उघडलेली बाटली महिन्यानं टाकून द्यायची असते, म्हणून दर महिन्याला मी नवी घेऊन जायची आणि जुनी परत आणायची. जुनीत औषध शिल्लक असायचं, चांगलं खळखळण्याइतकं. आई एकही थेंब गालावर सांडत नाही, किती नेटकी, असं मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं. माझ्या हातात खळखळत होतं ते, आणि मला ऐकू आलं नाही.

त्याच सुमारास बाई मला म्हणाल्या, "हे घराण्यात उतरतं. तुम्हीही तपासून घ्या." घेतलं. माझा दाब वाढलेला निघाला. नस अजून ठीक होती, पण औषध सुरू केलं, रोज रात्री एक थेंब. त्या रविवारी जेवताना मी आईला सहज सांगून टाकलं. ती काटे काढत राहिली. मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल.

पुढं एकदा बाई बुधवारी रजेवर होत्या, म्हणून आम्हाला मंगळवार मिळाला. आईनं फोनवर खूप नन्नाचा पाढा लावला. मंगळवारी नको, गर्दी असेल, काकींकडे काम आहे. मी ऐकलं नाही. दवाखान्यात बाकावर बसलो. सिस्टर आल्या, दाब मोजण्याआधी डोळा बधिर करायचा थेंब घालायला त्यांनी आईची पापणी वर केली, आणि आईनं चक्क त्यांचा हात ढकलला.

"आज नको बाई. उपास आहे माझा."

सिस्टर पन्नास-पंचावन्नच्या असतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग आजी, उपासाच्या दिवशी रोजचं औषध?"

"नाही घालत. ते घशात उतरतं ना. कडू लागतं. उपास मोडतो."

मी बाकावरून उठले. सोमवार, गुरुवार आईचे लहानपणापासूनचे. संकष्टी, एकादशी. श्रावणातले जास्तीचे. नवरात्राचे नऊच्या नऊ. आणि आमच्याकडे उपास रात्री सोडत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून सोडतात. म्हणजे उपासाच्या दिवशी सकाळचा थेंब नाही आणि रात्रीचाही नाही. मी मनातल्या मनात आठवडा मांडत होते आणि त्यात माझ्या मासळीच्या आणि दाब मोजायच्या वारांशिवाय फारसं काही उरत नव्हतं.

मग मी ओरडले. भरल्या दवाखान्यात, सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत. "साबुदाणा चालतो! बटाटा चालतो! चहा चार वेळा चालतो! आणि औषध चालत नाही? कुठल्या देवानं सांगितलं तुला?" आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. मला तिचा राग आला, तिच्या देवांचा आला. तिच्या आईचा आला, जिनं तिला शिकवलं होतं की ठरल्या फराळाखेरीज दुसरी चव जिभेला लागली की उपास बाटला. डॉक्टरीणबाईंचाही आला. दोन वर्षं त्यांनी एकच प्रश्न विचारला, घालता का. कडू लागतं का, हे एकदाही विचारलं नाही. आणि मी? मी तर तिच्या पोटची. तिचे सगळे उपास मला पाठ होते.

सिस्टरनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. मग आईच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "आजी, इकडे बघा. थेंब घातला की डोळा मिटायचा. आणि इथं, नाकाजवळच्या कोपऱ्यात, बोटानं दाबून धरायचं. दोन मिनिटं. इथून नळी जाते घशात. ती दाबली की औषध खाली उतरत नाही. कडू लागत नाही." त्यांनी थेंब घातला आणि आईचं बोट धरून तिथं ठेवलं. दोन मिनिटं तिथंच धरून ठेवलं.

"लागलं कडू?"

आईनं जीभ टाळ्याला लावून बघितली. "नाही."

एवढंच होतं ते. एक बोट आणि दोन मिनिटं. एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या आईचा डावा डोळा जवळजवळ गेला होता, आणि उजव्यात समोरचं तेवढं दिसत होतं, बांगडीतून बघावं तसं. सिस्टर चांगल्या होत्या, मी त्यांचे आभारही मानले, पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला होता. हे तुम्हाला ठाऊक होतं, तर दोन वर्षं कुठं होतात तुम्ही?

टॅक्सीत मी बोलायचं थांबेना. "आणि हा मंगळवार कधीपासून? मंगळवार कधीच नव्हता तुझा. आणखी एक दिवस वाढवलास? आधीचे कमी पडत होते?"

ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तसं तोंड करून बसली होती. परळचा पूल मागं गेला.

"बोल ना आई."

"तुझ्या डोळ्यांसाठी धरलंय," ती म्हणाली. "तू सांगलंस ना, तुझो दाब वाढलो म्हणान. त्यानंतरच्या मंगळवारपासून."

ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. माझे डोळे राहावेत म्हणून ही बाई आठवड्यातला आणखी एक दिवस स्वतःच्या डोळ्यांना उपाशी ठेवत होती. यावर रडायचं असतं हे मला माहीत आहे. मला रडू आलं नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. तुला कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? असलं प्रेम माझ्या डोक्यावर ठेवून तू मोकळी झालीस, आता ते मी कुठं ठेवू? हे सगळं मी मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हणाले, "घरी गेल्यावर रात्रीचा थेंब घालायचा. बोट दाबून."

तिनं उपास सोडले नाहीत, एकही नाही. मी भांडून बघितलं, मग तो नाद सोडला. आता ती कोपरा दाबून धरते आणि उपासाच्या दिवशीही औषध घालते. एकदा मी पेडव्यांचा घास घेतला आणि काटा टाळूला रुतला. जन्मात पहिल्यांदा आईच्या हातचा काटा. मी तो जिभेनं बाजूला केला आणि पदराआड काढून टाकला. "तिखट झाला काय?" तिनं विचारलं. मी छान झालंय म्हणाले.

मासळीच्या वारांचं माझं जाणं चालूच आहे, पण आता मी मंगळवारीही जाते. मासे नसतात, उकडलेली रताळी असतात. मी तिच्या डोळ्यात स्वतः थेंब घालते आणि तिचं बोट बाजूला सारून माझंच बोट त्या कोपऱ्यात दाबून धरते. तिचा चेहरा माझ्या हातात असतो. दोन मिनिटं फार असतात, मी घड्याळाकडे बघत राहते.

परवाच्या मंगळवारी अशीच दाबून बसले होते. डोळे मिटलेले ठेवूनच ती म्हणाली, "आणि तू? तू तुझा घालतंस मा रोज?"

मी हो म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं. पण माझी बाटली प्रभादेवीला फ्रिजच्या दारात होती, अंड्यांच्या कप्प्यात, आणि गेले तीन दिवस मी तिला हातही लावला नव्हता. शनिवारी पाहुणे होते. रविवारी दमले होते. सोमवारी विसरले. त्याआधीही असे दिवस होते, मोजले नाहीत कधी. मला उपास नव्हता, कडूही लागत नव्हतं. कसलंच कारण नव्हतं.

"राहिलं गं दोन-चार दिवस," मी म्हणाले.

तिनं माझं बोट डोळ्यावरून काढलं. दोन मिनिटं अजून व्हायची होती. त्या बांगडीएवढ्या नजरेत माझं तोंड सापडेपर्यंत तिनं मान इकडं तिकडं हलवली, आणि सापडल्यावर बराच वेळ बघत राहिली.

"मगे माझे मंगळवार फुकटच गेले म्हण," ती म्हणाली.