गच्चीवरच्या कुरडया आणि तुमचे चार शब्द

बाळांनो, पंधरवड्यापूर्वी रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, क्रिटिकल, कार्पिंग, कॅप्शस आणि सेन्सॉरियस, या सगळ्यांचा अर्थ टीका करणारा असाच ना? मग इतके शब्द कशाला?" मी म्हटलं, उद्या लिहून पाठवते. सगळी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेलेल्या बाईला हे अवघड नव्हतं. तरी उत्तर आज लिहिते आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुरडया होत्या. तुम्ही त्या तळलेल्याच पाहिल्यात. त्याआधी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून त्यांचं सत्त्व काढायचं आणि ते पहाटे उकळत्या पाण्यात घाटायचं. त्या घाटलेल्या सत्त्वाला चीक म्हणतात. गरम असेपर्यंतच तो सोऱ्यातून नीट पडतो, म्हणून हे एकटीचं काम नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांनी दिवस वाटून घेतले आहेत. एक दिवस आमची गच्ची, मग शेजारणीची, मग पुढचीची. मजुरी कोणी देत घेत नाही. आलेल्या बायकांना वाटीभर गरम चीक द्यायचा, कोणाला दूध-साखर घालून, कोणाला तेल-तिखट.

तुमची काकू, म्हणजे माझी धाकटी सून, त्या सकाळी खुशीत होती. तिच्या बचत गटाने तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला होता आणि लोकांसमोर कुरडई घालून दाखवायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. लग्न होऊन ती तिसगावहून संगमनेरला आली, तेव्हापासून घराबाहेर तिला कोणी असं पुढे केलं नव्हतं. पातेलं गच्चीवर चढवतानाही तिचं त्याबद्दलच बोलणं चाललं होतं. कोणती साडी नेसू, सोऱ्या घरचा नेऊ की गटाचा.

गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. मी सावलीत खुर्ची टाकून बसले. धुतलेल्या जुन्या साडीवर तिने पहिली ओळ घातली आणि मी सुरू झाले. ही जरा जाड झाली. या दोघी एकमेकींना चिकटतायत. अगं, हात एका लयीत फिरू दे.

शेजारीण पुणतांब्याकडची आहे, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "काकू, खालनं लाल पेन आनू का तुमचा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि परत सुरू झाले.

सुनेने मान वर करून विचारलं, "आई, चीक तरी बरोबर शिजलाय ना?"

"शिजलाय. पण शिजला म्हणजे सगळं झालं का?"

तिने परत मान खाली घातली. दुसरी ओळ झाली. तिच्यातल्या काही कुरडया वाकड्या होत्या, पण काही फार नाही. तुम्हाला पाठवायच्या पार्सलमध्ये सगळ्या एकसारख्या जाव्यात, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, "ओल्या आहेत तोवर त्या मोड आणि परत सोऱ्यात भर."

"अवो काकू!" शेजारणीचा हात थांबला. "घातलेली कुरडई कुनी मोडतं व्हय? तळल्यावर समद्या फुलत्यात. पोरं काय पट्टी लावून खात्यात का?"

सुनेने त्या वाकड्या कुरडया बोटांनी गोळा केल्या आणि सोऱ्यात भरल्या. तोवर चीक गार झाला होता. सोऱ्यातून त्याचे तुकडे पडायला लागले. ती जोर लावून दाबत होती आणि तुकडेच पडत होते. तेव्हा मी म्हणाले, "तिसगावला अशाच घालत असतील."

गच्चीवर कोणी हसलं नाही. शेजारणीने हातातली चिकाची वाटी खाली ठेवली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी तुमचं उत्तर लिहायला बसले. शिकवताना माझी एक पद्धत होती. शब्दाचा अर्थ सांगायचा आणि लगेच घरातलं एखादं वाक्य द्यायचं, म्हणजे मुलांना तो विसरता येत नाही. क्रिटिकल सोपा होता. क्रिटिकल माणूस पारख करतो, त्यामुळे जे बरं आहे तेही त्याला सांगावं लागतं. नुसता दोष दाखवणाऱ्यालाही लोक क्रिटिकल म्हणतात, पण शब्दाची चांगली बाजू पारखीची. घरातलं वाक्य शोधताना सकाळचं आठवलं. चीक उत्तम शिजला होता, एक गुठळी नव्हती. मी तेवढंच म्हणायला हवं होतं. मी त्याला 'पण' जोडला.

कार्पिंगला वाक्य शोधावं लागलं नाही. बारीकसारीक गोष्टींवरून जो टोचत राहतो आणि थांबत नाही, तो कार्पिंग. पहिल्या ओळीपासूनचं माझं सगळं बोलणं त्यात बसत होतं. कॅप्शस माणूस चूक पकडायलाच टपलेला असतो, सरळ प्रश्नालाही आडवं उत्तर देतो. तिने चिकाबद्दल विचारलं होतं तो प्रश्न सरळ होता. सेन्सॉरियसपाशी मी आले आणि तिसगाव आठवलं. तिथे कुरडई बाजूलाच राहते. माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून समोरच्या माणसालाच नालायक ठरवतो. मी तर खुर्चीतच बसले होते. ती माझ्या पायाशी बसली होती आणि मी तिचं माहेर काढलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. गटाच्या अध्यक्षबाईंशी फोनवर बोलत होती. "ताई, माझं नाव काढा. लोकांसमोर मला नाही जमायचं. माझा हात थरथरतो." तिचा हात मी कधीही थरथरताना पाहिलेला नाही.

मी कागद बाजूला ठेवून आत गेले. म्हटलं, "अगं, कुरडया चांगल्या झाल्यात."

"बरं, आई."

"मनापासून सांगते आहे."

ती ओटा पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही चूक काढली ना आई, की मला ते खरं वाटतं. चांगलं म्हणालात की वाटतं, समजूत घालताय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या चांगल्या शब्दाला या घरात काही किंमत उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती.

शेजारणीच्या गच्चीवर कुरडया होत्या त्या दिवशी मीही गेले. चौघींसमोर बोलले होते, तर चौघींसमोरच मागे घ्यायला हवं होतं. सून सोऱ्या फिरवत होती. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "परवा मी हिच्या माहेरावरून बोलले. ते मी बोलायला नको होतं. माझं चुकलं."

सुनेने डोकं वर केलं नाही, पण हातही थांबवला नाही. शेवटी शेजारीणच म्हणाली, "काकू, बसा आता. न्हाईतर माझा चीक गार हुईल." मग तिने सुनेकडे मोर्चा वळवला. "आन तुझ्या त्या स्टॉलचं काय गं?"

"बघू," सून म्हणाली.

घरी येताना जिन्यात ती माझा हात धरून चालत होती. रोजच धरते. मधल्या पायरीवर थांबून म्हणाली, "आई, मी ताईंना फोन करते. प्रदर्शनाला जाईन मी."

"जा की. मी पण येते बघायला."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

हात तिने सोडला नव्हता. मी बरं म्हटलं.

आज प्रदर्शन आहे. ती सकाळीच गेली, सोऱ्या घरचा नेला. निळी साडी नेसली होती आणि निऱ्या एका बाजूला जास्त आल्या होत्या. मला दिसलं. ती दारातून बाहेर पडेपर्यंत मी पेपर वाचत बसले. तुमचं पार्सलही उद्या निघेल. त्यात गोल आणि वाकड्या एकत्रच भरल्या आहेत, निवडल्या नाहीत. तुमच्या काकूला फोन करा. स्टॉलवर कसं झालं ते तुम्हीच विचारा. तुम्हाला ती सांगेल, मला सांगेलच असं नाही.