गोट्याखालचे दोन हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर मूर्ख म्हणत आलोय... आता नव्वदीत, सावेडीला नातवाच्या फ्लॅटमध्ये बसून मीच तुमच्या सदराला लिहितोय. हसायचं तर हसा.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. गाव नगरकडचं बेलापूर. आमच्या तालमीत तीन मणांचा गोल दगड होता — गोटा. तो खांद्यावर घ्यायचा सराव मी आणि माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जोडीनं करायचो. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं डावीकडून खाली दोन्ही तळवे लावायचे. वस्तादांचा नियम कडक — उचलणारा स्वतः "सोड" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. मग मनगट मोडलं तरी!

नगरच्या स्पर्धेला महिना उरला असताना हा शहाणा दादा पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशात गेला. मला न विचारता! स्पर्धेत मी सपशेल आपटलो. मी गावी परतल्यावर तर त्याहून वाईट... रोजचा गोटा जमिनीवरून हलेना. दोन महिने! वस्ताद म्हणायचे, "आसं हुतंय रं. स्पर्धा झाली की अंग रुसतंय. रोज हात लावत जा, बास." टवाळ पोरं विचारायची, "काय पैलवान, गोट्याला मुळ्या फुटल्या व्हय?" अस्सा संताप यायचा! आणि सगळा राग दादावर. त्याची तीन पत्रं आली, एकालाही मी उत्तर दिलं नाही. आई रडायची, "आरं, दोन वळी तरी लिही. त्याचा जीव लागत न्हाई तिकडं." मी म्हणायचो, "मरू दे तिकडंच."

हो, असंच म्हणालो होतो.

नागपंचमीला माती उकरायची नसते, म्हणून त्या दिवशी तालीम बंद. सकाळी दहाच्या सुमारास मी एकटाच आत गेलो. गोट्याला मिठी घातली नि जोर लावला... उठला की! पोटाशी आला, छातीशी आला. डावीकडून कुणीतरी आधार देत होतं. माझ्या दंडाला एक मनगट घासत होतं — तापात असतं तसं गरम. वळून पाहिलं तर कुणी नाही. पण दादाची करंगळी वाकडी होती, ती नेहमी माझ्या बरगडीत टोचायची... ती टोचत होती.

भीती नाही वाटली हो. डोकंच फिरलं! हवा होतास तेव्हा नव्हतास, आता कशाला आलास? मी ओरडलो, "सोड! मला नको तुझी मदत. सोड म्हणतो ना!"

आधार गेला. गोटा पायावर पडता पडता राहिला.

पुढे दादा गेल्याचं पत्र आलं. कधी, कसा, काही नाही. दिवाळीनंतर त्याच्या पलटणीतला जामखेडचा एक जवान घरी आला, तेव्हा कळलं. "लई ताप हुता. शेवटचे चार दिस दोन्ही हात वर धरून पडला हुता, तळवे आभाळाकडं. आमी खाली दाबायचो, ऱ्हायचे न्हाईत. नागपंचमीला सकाळी आपसूक खाली घेतले... अन् गेला."

वस्ताद म्हणाले, "तू मोकळा केलास त्याला." पुढंही ज्याला सांगितलं, त्यानं हेच ऐकवलं. मुक्ती म्हणे! चुलीत गेली ती मुक्ती! नातू डॉक्टर आहे, तो योगायोग म्हणतो. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सुचत नाही. कुणाला ठाऊक असेल तर एवढंच सांगा — मी तोंड बंद ठेवून गोटा तसाच धरून उभा राहिलो असतो, तर माझा दादा घरी आला असता का?