उंबऱ्यावरचा लाल ठिपका

दिवाळीत पॅसेजमध्ये रांगोळी काढायची ही आमच्या फतेगंजच्या सोसायटीची जुनी रीत. मोर, कमळ, लक्ष्मीची पावलं, तेच ते. त्या वर्षी दहावीतल्या माझ्या मुलीने तारे काढायचं ठरवलं, सूर्याच्या शेजारपाजारचे.

एक फरशी म्हणजे एक प्रकाशवर्ष. आमच्या दारात पिवळा सूर्य. चार फरश्यांवर मित्र हा जोडतारा, एक पिवळा, एक नारिंगी. आठव्या फरशीच्या पुढे पांढराशुभ्र व्याध आणि त्याला खेटून विझत चाललेला इवलासा श्वेत बटू. बाकी सगळीकडे लाल ठिपके. "आई, आपले बहुतेक शेजारी असे लाल बटूच आहेत. मंद असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही," ती म्हणाली. दिसत नाहीत म्हणूनच तिला ते काढायचे होते. त्यांतला सगळ्यात जवळचा, मित्राच्याही किंचित अलीकडचा, नेमका शेजारच्या सेक्रेटरींच्या उंबऱ्याशी आला.

आम्ही खंडेराव मार्केटमधून फुलं घेऊन परतलो तर फरशी ओली. लाल तेवढे सगळे पुसलेले. पिवळे, पांढरे जागच्या जागी.

सेक्रेटरी दारातच उभे होते. संस्थानाच्या काळी सरकारवाड्यात कारकुनी केलेल्यांचे पणतू, शिकले-सवरलेले.

"बेन, मला वाटलं कोणी उतारा टाकून गेलं. सणासुदीला उंबऱ्याशी लाल ठिपका? चालशे ने, चालेल की, बाकीचं तर आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार वाजवून विचारायला काय झालं होतं? शेजारच्या पोरीची मेहनत दिसत नाही, करणी मात्र बरोबर दिसते.

घरातून ह्यांचं सुरू झालं, "सणाच्या दिवशी जाऊ दे ना." सण काय फक्त त्यांचाच होता?

मुलगी भांडली नाही. फुलांची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "राहू दे आई. वर आकाशातही असंच दिसतं." आणि रांगोळीचा डबा फळीवर ठेवून आली. तिच्या त्या शहाणपणाचा मला जास्त राग आला.

मी डबा काढला. सेक्रेटरींच्या उंबऱ्याशी बसले आणि चिमूटभर लाल रांगोळी टाकली, पहिल्यापेक्षा ठसठशीत.

"बेन, परत?"

"तुमचा सगळ्यात जवळचा शेजारी आहे," मी म्हटलं. "आता पुसायच्या आधी आमचं दार वाजवा."

मागे पाहिलं तर मुलगी येऊन पुढच्या फरशीवर बसली होती. तिने हात पुढे केला. "डबा दे. सहाव्या फरशीवर एक होता."