बिनगुळाचा हिरवा चहा

अण्णाला जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून सकाळी मी त्याच्यासारखाच हिरवा चहा करून पिते. चव अजून पुरती आवडलेली नाही. भिजल्या गवतासारखी लागते आणि मागाहून जिभेवर कडवटपणा राहतो. पण या चहानं आमच्या घराला काय दिलं ते एकदा नीट लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात आहे. माझा हात संथ आहे. सगळी नोकरी दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली, स्वतःचं काही लिहायची सवय नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. गाणगापुरात देवळाच्या रस्त्यावर त्याचं नारळ, कापूर, उदबत्तीचं दुकान होतं. मी कलबुर्गीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावी यायची. दरवर्षी येणारी यात्रेकरू माणसं अण्णाच्या दुकानात चपला ठेवत, पिशव्या ठेवत आणि दर्शन करून आली की बाकड्यावर टेकत. मग चहा यायचा. पाहुण्याच्या हातात कप देऊन आपण नुसतं बसायचं, हे अण्णाला जमायचं नाही. तोही एक कप घ्यायचा. असे दिवसाला किती व्हायचे ते वहिनीलाही सांगता आलं नसतं.

पाच वर्षांमागं नदीच्या संगमावर अनवाणी जाताना त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात खडा रुतला. जखम भरेना. तपासलं तर रक्तातली साखर फार वाढलेली. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, "दीड महिना बघू. साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. नाहीतर हे वर चढत जाईल."

परतीच्या बसमध्ये अण्णा पट्टीवरून अंगठा चाचपत होता. मग म्हणाला, "अंगठा गेल्यावर माणूस नीट चालतंय का गं?"

"चालतंय की," मी म्हटलं. खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एक ताई दर्शनाला आल्या. वर्षानुवर्षं येणाऱ्या. अण्णाचा पट्टी बांधलेला पाय बघून त्यांनी पिशवीतून हिरव्या पावडरीचा डबा काढला. "दादा, हा माचा. जपानचा हिरवा चहा. मी रोज घेते. तुम्ही घेऊन तर बघा." डब्यावर फायद्यांची मोठी यादी होती, सगळी इंग्रजीत. शनिवारी मी आले तेव्हा अण्णानं डबा पुढं केला. "तू शिकलेली हायेस. काय लिवलंय ते मराठीत करून दे."

डब्यावरच्या यादीवर माझा विश्वास बसेना. मी कॉलेजात जाऊन मिळेल ते वाचलं. ही पानं तोडण्याआधी काही आठवडे झाडांवर सावली धरतात. मग वाफवून, वाळवून पिठासारखी दळतात. एरवी चहाची पानं गाळून फेकतो, इथं पान सगळंच पोटात जातं, म्हणून त्यातलं चांगलं ते जास्त मिळतं. तरतरी येते, पण सोबत मन निवांत ठेवणारं एक द्रव्यही असतं. रक्तातली वाईट चरबी थोडी उतरायला मदत होते. साखरेबद्दल मात्र लिहिणारे जपून लिहीत होते, कुठं फरक पडला होता, कुठं नव्हता. हे सगळं मी एका कागदावर उतरवलं. खाली लिहिलं की गोळ्या चालूच ठेवाव्यात, चहा जेवणाबरोबर घेऊ नये, दोन वाट्यांच्या वर घेऊ नये, साखर घालू नये.

अण्णानं तो कागद दुकानात कापराच्या डब्यांवर चिकटवला. डाळ घोटायची लहान रवी त्यानं वहिनीकडून मागून घेतली आणि वाटीत कोमट पाण्यात पावडर घुसळायला लागला.

"काय हो ते," वहिनी म्हणाली, "हौदातलं शेवाळ काढून प्यायलाव जणू."

"जपानचं शेवाळ हाय, साधं न्हाई."

"मग जपानवाल्यास्नीच पिऊ द्या की. आमची रवी कामून हिरवी करायलाव?"

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. साखर कणभरही उतरली नव्हती, उलट थोडी चढली होती. डॉक्टर म्हणाले, आता तीनच आठवडे. मी वाचलेलं सगळं मला फोल वाटायला लागलं. रजा टाकून मी गावी राहिले.

त्याचा चहा करायचं काम एव्हाना वहिनीकडं आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो करताना मी सैपाकघरात उभी होते. तिनं पाणी कोमट केलं, पावडर घातली आणि डब्यातून लिंबाएवढा गुळाचा खडा काढून वाटीत टाकला.

"वहिनी, गूळ कामून घालायलाव?"

"औषध हाय न्हवं ते? कषायाला गूळ लागतोच. मामींनी काढा कवा बिनगुळाचा दिलाय का कुणाला? अंगी लागत न्हाई तसं." मामी म्हणजे माझी आई.

"अहो, त्याला साखर बंद हाय!"

"बंदच हाय की. साखरंचा डबा मी तवाच शेजारी देऊन टाकले. दुकानातला चहा बी आता गुळाचाच करायलाव. तुम्हीच सांगा वन्सं, गुळानं कुणाचं वाईट झालंय?"

आमच्याकडं गूळ हा उपासाचा, बाळंतिणीचा, उन्हातून आल्यावर पाण्याबरोबर द्यायचा. त्याला कुणी अपायात धरत नाही. मीही याच घरात वाढले होते आणि कागदावर गुळाचं नाव लिहायचं मला सुचलं नव्हतं. वहिनीला सगळं समजावलं तेव्हा ती चुलीपुढं बसून रडायला लागली. "मीच पाय तोडायला लागले व्हते की हो त्यांचा." मी म्हटलं, "कागद माझा व्हता वहिनी." मग दोघी रडलो.

बिनगुळाची पहिली वाटी अण्णा डोळे मिटून प्याला. "बाई गं. हे जपानवाले हसत कसे असतील?"

त्यानंतर जे घडलं ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. अण्णा आपली वाटी दुकानात नेऊन बसायला लागला. यात्रेकरू आले की त्यांना चहा मिळायचा आणि अण्णाच्या हातात त्याची हिरवी वाटी असायची. त्यानं नाही म्हणायचं आणि समोरच्यानं ओशाळायचं, हा प्रसंगच उरला नाही. "काय प्यायलाव अण्णा?" असं प्रत्येक जण विचारायचा. मग तो कागदाकडं बोट करून एकेक फायदा वाचून दाखवायचा आणि दोन घोटांत तास काढायचा. दिवसभराचे ते गोड कप असे आपोआप गळून पडले.

तीन आठवड्यांनी साखर उतरली. जखमेच्या कडेनं गुलाबी कातडी धरली होती. डॉक्टरांनी बराच वेळ अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या. काढायची गरज नाही." मी त्यांना माचाचं विचारलं. ते हसले. "घेऊ द्या की. चांगलाच आहे. पण गुण आला तो गोळ्यांचा आणि गूळ सोडल्याचा." वहिनीला हे पटलं नाही. तिच्या लेखी गुण त्या शेवाळाचाच. मी गोळ्यांचेही आभार मानते, शेवाळाचेही, आणि पुण्याच्या ताईंचेही.

नंतरची चार वर्षं आणि काही महिने अण्णा स्वतःच्या पायांनी संगमावर गेला. आता मात्र चप्पल घालून. गेला तो झोपेत, हृदय थांबून.

त्याला न्यायच्या आधी मी त्याच्या पाया पडले. लहानपणापासून दर सणाला पडत आले तशीच. कपाळाला त्याचा उजवा अंगठा लागला, थंड, व्रणाच्या जागी थोडा खडबडीत. मी कपाळ तिथंच ठेवून राहिले. कुणीतरी खांद्याला धरून उठवलं तेव्हा पुढं वहिनी आली आणि तिनंही नेमका तोच अंगठा मुठीत धरला.