विकायला काढलेलं घर आणि एका दिवसाचे पाहुणे

आमचे हे रेल्वेतून निवृत्त व्हायला आले तेव्हा डहाणूच्या क्वार्टरमधल्या पालींनासुद्धा आम्ही कुठे जाणार याची काळजी लागली होती. मला नव्हती. मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. त्यात एक बाई पडकं घर विकत घ्यायची, भिंतीला रंग द्यायची, कोपऱ्यात एक कुंडी ठेवायची, आणि माझा कुकर व्हायच्या आत दामदुपटीने घर विकून मोकळी व्हायची. मी म्हटलं, कुंडी तर आपल्याकडेही आहे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." लग्न झाल्यापासून हे एवढंच म्हणतात, त्यामुळे होकार की नकार हे मला आजही कळत नाही. मी होकार धरला.

तलासरीत, हायवेपासून थोडं आत, गावठाणातलं एक कौलारू घर मिळालं. मालक वापीला स्थायिक झाला होता आणि घराचं नाव काढलं की हसायचा. कागद स्वच्छ होते, बाकी काहीच नव्हतं. छपरातून इतकं आकाश दिसायचं की आत उभं राहून घारी मोजाव्यात. आमची होती नव्हती ती सगळी शिल्लक त्यात गेली. हिशेब सोपा होता. क्वार्टर सोडायच्या आत घर विकलं, तर येतील त्या पैशांत डहाणू स्टेशनजवळ एक लहानसा फ्लॅट. नाही विकलं, तर नाशिकला मोठ्या जावेच्या घरातली मागची खोली. त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या राहायच्या. जाऊबाईंनी फोन करून कळवलंही होतं, की बरण्या हलवल्यात, तुम्ही कधीही या. एवढ्या प्रेमाने मला आयुष्यात कोणी घाबरवलेलं नाही.

कौलं बदलली, चुना मारला, दाराला रंग दिला. रंग उरला म्हणून कुंपणाला दिला, कुंपण संपलं तेव्हा शेजारच्या कोंबडीने पळ काढला. मग व्हिडिओतली बाई म्हणाली, रिकामं घर विकलं जात नाही, ते भरलेलं दिसलं पाहिजे. नवं सामान घ्यायला पैसे कुठले? मी क्वार्टरमधला सोफा, शोकेस, पलंग, भिंतीवरचं घड्याळ सगळं टेम्पोत घालून तलासरीला नेलं. पुढचे दिवस हे चटईवर झोपले आणि वेळ विचारायला शेजारी जात राहिले.

जाहिरातीचं मात्र मी मोठ्या कंपनीसारखं केलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली, तेव्हा रस्त्यावर मराठी, गुजराती आणि हिंदीत फलक लावला: घर विकणे आहे, बघायला या, चहा आमच्याकडून. एक दिवस रिक्षावर भोंगाही फिरवला. आवाज माझाच होता. लोक म्हणतात तो गुजरातच्या हद्दीपलीकडे ऐकू गेला, आणि मी नाकारत नाही.

माणसं आली. जीपगाड्या भरून आली. भिंतीवर टकटक केली, विहिरीत वाकून बघितलं, सोफ्यावर बसून चहा प्यायली, दुसरा कप मागितला, फार छान घर आहे म्हणाली आणि गेली. मला काही समजेना. एवढं आवडतं तर घेत का नाहीत? नाही आवडत तर पुढच्या रविवारी मेव्हण्याला घेऊन का येतात? व्हिडिओतल्या बाईकडे तर कोणी चहासुद्धा पीत नव्हतं.

शेजारी कुडाच्या घरात एक मावशी राहायची. मुलगा उंबरगावच्या कारखान्यात, बाकी थोडी भातशेती. ती एक दिवस कुंपणाशी येऊन पदराशी खेळत उभी राहिली. मुलीकडचे मुलाचं घर बघायला येणार होते. मुलगी बारावी शिकलेली, आणि मावशीचं घर असं लहान. एक सकाळ तुमचं घर द्याल का, असं तिने विचारलं. आमचंच म्हणून दाखवू, मग परत जसंच्या तसं. मी विचार केला, घरात माणसं वावरताना दिसली तर आणखीच भरलेलं दिसेल. दिलं. वर पडदेही धुऊन दिले.

त्याच दिवशी दुपारी उंबरगावचा एक गुजराती शेठ घर बघायला येणार होता, आणि त्याचा फोनवरचा सूर खऱ्या गिऱ्हाइकाचा होता. सकाळ मावशीची, दुपार माझी. यात गोंधळायला जागाच नव्हती.

पण मुलीकडच्यांची बस हायवेवर अडकली हे मला कोण सांगणार? मी दुपारी पोचले तर ओट्यावर एक गृहस्थ एकटे उभे. पांढरी पँट, काखेत चामड्याची पिशवी, मान वर करून वासे बघतायत. हाच शेठ. मी सुरू झाले. भिंती किल्ल्याच्या, विहीर वैशाखातही भरलेली, हायवे इतका जवळ की बस घरात येऊन थांबेल, आणि धुराचा मात्र कणही नाही. ते ऐकत राहिले. त्यांची मान एवढी छान हलत होती की मी थेट विषयाला हात घातला. म्हटलं, आता ताणू नका, तुम्ही किती देणार ते मोकळेपणी सांगा, आज ठरवून टाकू.

त्यांनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

"बाई," ते म्हणाले, "आमच्यात देज मुलाकडचे देतात. मुलगीही आम्ही द्यायची आणि वर पैसेही, हे तुम्ही कुठून आणलं?"

ते मुलीचे मामा होते. मागच्या दारी मावशी चहा टाकत होती, आणि आत माझ्या सोफ्यावर मुलीची मामी, आत्या आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. मी हसून सांगितलं की मी मुलाची लांबची काकू, थट्टेची सवय आहे. मामा हसले नाहीत, पण बसले.

आणि तेवढ्यात खरा शेठ स्कूटरवरून उतरला. खिशातून टेप काढली आणि बाहेरची खोली मोजायला लागला. आत्याबाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, मांडववाले. शेठला बायका दिसल्या तसा तो थबकला. आता त्याला गप्प करणं भाग होतं, आणि पाहुण्यांना कळूही द्यायचं नव्हतं. मी मूळची घाटावरची, इथे येऊन गुजराती शिकले त्याचा मला कोण अभिमान. मी त्याला बाजूला न घेता, सगळ्यांसमोर, अस्खलित गुजरातीत सांगितलं:

"शेठ, घर खालीज छे. आ लोको तो आजना दिवसना मेहमान छे."

घर रिकामंच आहे आणि ही माणसं आजच्या दिवसाची पाहुणी, हे सांगणारी माझी भाषा इतकी शुद्ध होती की खोलीतल्या शेवटच्या बाईलाही कळली. गुजरातची हद्द दिसते अशा गावात बसून मी गुजराती ही गुप्त भाषा समजले होते. मामांनी माझ्याहून चांगल्या गुजरातीत शेठला विचारलं, घर कोणाचं? शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. मागच्या दारात मावशी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे मला बघवेना.

मामा उठले. "आमची पोर ज्या चुलीपाशी बसणार," ते मावशीला म्हणाले, "ती दाखवा."

सगळे कुंपण ओलांडून कुडाच्या घरात गेले. ट्रेही गेला. मी शेठकडे वळले, पण त्याने टेप खिशात घातली होती. घरात एवढी माणसं, भांडी, घड्याळ चालू. उद्या हे भाडेकरू निघाले नाहीत तर मी कोर्टात फेऱ्या मारायच्या का, असं म्हणून त्याने स्कूटरला लाथ मारली. मी ओरडून सांगितलं की घड्याळ माझं आहे. त्यामुळे घर रिकामं नाही याची त्याला आणखीच खात्री पटली असावी.

पलीकडे मात्र कोणी उठेना. संध्याकाळी हसण्याचा आवाज आला. लग्न ठरलं. कसं, कुठल्या मुद्द्यावर, हे मला अजून उलगडलेलं नाही. मावशी एवढंच म्हणाली की माझ्या गुजरातीवर मामा फार खूश होते, आणि मांडवाला तुमचं अंगण लागेल.

क्वार्टर सोडायचा दिवस आला तोवर घर विकलं गेलं नव्हतं. टेम्पोवाल्याने विचारलं, सामान कुठे न्यायचं, नाशिकला? मी ह्यांच्याकडे बघितलं. न्यायला उरलं होतं काय? एक चटई, कुकर आणि हे.

"बाकीचं सगळं तलासरीलाच आहे," हे म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

जाऊबाईंनी बरण्या परत खोलीत ठेवल्याचं कळवलं. आवाज जरा दुखावलेला वाटला, की सुटल्यासारखा, तेही कळलं नाही. विवळवेढ्याचा फलक काढायचा राहून गेलाय. त्यामुळे रविवारी अजून माणसं येतात, हे आंघोळ करत असले तरी न्हाणीच्या भिंतीवर टकटक करतात. मी चहा टाकते, किल्ल्याच्या भिंती आणि वैशाखातली विहीर दाखवते. किंमत विचारली की मात्र मी आत जाऊन साखरेचा डबा शोधत बसते.